मांडीचं हाड आणि तराफ्याचा दोर

दोर वळणारा माणूस आयुष्यभर मागे मागे चालतो. विंचरलेला ताग कमरेभोवती गुंडाळायचा, त्याचं टोक चाकाच्या आकड्यात अडकवायचं, चाक दुसऱ्यानं फिरवायचं आणि आपण बोटांतून ताग सोडत उलटं निघायचं. जितकं मागे जाल तितकं सूत. आमच्या घरामागे त्यासाठी लांबलचक, झाडूनपुसून लख्ख केलेली पट्टी होती. तिला सगळे वाट म्हणायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच सकाळी सासरे आणि हे शेजारी शेजारी असे उलटे निघाले होते. दोघांची तोंडं माझ्याकडे आणि दोघं माझ्यापासून लांब लांब चाललेले. मला हसू आवरेना.

सासूबाई चाक फिरवत होत्या. म्हणाल्या, "हस, हस. या घरातले पुरुष असेच. तोंड आपल्याकडे आणि पाय भलतीकडे."

आता तिथे टायरचं दुकान आहे. पण डोळे मिटले की मला अजून ओल्या तागाचा आंबूस वास येतो आणि चाकाची कुरकुर ऐकू येते.

बायकांनी ताग भिजवायचा, खिळ्यांच्या फणीवर विंचरायचा, चाक फिरवायचं. वाटेवर उतरायचं ते पुरुषांनी. बाईनं उतरू नये असं कुणी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. फक्त कुणी उतरत नव्हतं.

त्या वर्षी उन्हाळा सरत आला होता आणि आमच्याकडे तराफ्याच्या दोराची गडबड होती. नदीवर पूल नव्हता. दोन्ही काठांना एक जाडजूड दोर ताणून बांधलेला असायचा आणि त्याला धरून, हात हात ओढत, तराफा पलीकडे जायचा. माणसं, गुरं, दुधाचे कॅन, बाळंतिणी, सगळा संसार त्या एका दोरावर. नदी फुगायच्या आत जुना दोर उतरायचा आणि नवा चढायचा. तो आमच्या घरचा असायचा. तराफेवाला दुसऱ्या कुणाच्या दोराला हात लावत नसे.

तागाच्या गासड्या घेऊन गाडी आली. वरची गासडी उतरवायला हे चढले. ती हलेना म्हणून यांनी दोन्ही पाय रोवून हिसका दिला, आणि गासडी आली ती यांना घेऊनच. खाली हे, वर गासडी. मी फणीजवळ बसले होते. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. धावत गेले तर यांची मांडी मध्येच वळलेली, जिथे माणसाला सांधा नसतोच तिथे.

न्हाणीच्या दाराची फळी काढली, तिच्यावर यांना बांधलं आणि तराफ्यावरून पलीकडे नेलं. दवाखाना पलीकडच्या गावात. वाटेत यांनी एकदाच तोंड उघडलं. डोक्यावरच्या दोराकडे बघत म्हणाले, "हा जुना झालाय. बदलायला पाहिजे."

हाडांचे डॉक्टर बारीक अंगाचे, सदा झोप कमी झाल्यासारखे दिसायचे. त्यांनी एक्स-रेची काच खिडकीशी धरली आणि आम्हाला सगळ्यांना दाखवली. काही हातचं राखून बोलायची त्यांना सवय नव्हती.

"दोन रस्ते आहेत," ते म्हणाले. "एक, पाय वजनावर ठेवायचा. हाड सरळ ओढून धरलं की ते आपलं आपण जुळतं. पण हलायचं नाही. अख्खा पावसाळा इथे खाटेवर जाईल. दुसरा, शहरात नेऊन ऑपरेशन. हाडाच्या पोकळीत लोखंडी सळई बसवतात. माणूस लवकर उभा राहतो. पण आत पू धरला तर पाय जातो. कधी कधी माणूसही जातो."

"सळई ठोका," हे दात आवळून म्हणाले.

"माझ्या पोराला कुणी चिरणार नाही," सासूबाई म्हणाल्या आणि खाटेच्या लोखंडाला मिठी मारून बसल्या. सासऱ्यांनी मान हलवली. संपलं. पाय वजनावर गेला.

खरं सांगायचं तर तो निर्णय नव्हताच. ती भीती होती. पहिल्यांदा आम्ही भिऊन निवडलं, म्हणून पुढे कुणी टोमणा मारला की उत्तर सुचायचं नाही.

गुडघ्याखालच्या हाडातून एक तार आरपार घातली, तिला दोर बांधला, तो खाटेच्या पायथ्याशी कप्पीवरून खाली सोडला आणि त्याला विटा टांगल्या. लाल, भाजक्या, दवाखान्याच्या कुंपणातून उरलेल्या विटा. हे उताणे पडून छताकडे बघायचे. घरात ज्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं, ते लघवीलासुद्धा भांडं मागायचे, आणि मागताना माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघायचे.

रोज कुणी ना कुणी भेटायला यायचं. सगळ्यांत जास्त यायचे ते यांचे धाकटे काका. आमच्या शेजारीच त्यांची वाट होती. जेवण असो, बोलणं असो, दोर असो, सगळं पटकन उरकायचं, म्हणून अख्खा गाव त्यांना झटपटकाका म्हणायचा.

"अजून विटाच?" काका दारातूनच म्हणायचे. "माझ्या ओळखीचा एक ट्रकवाला आहे. सळई घातली त्याला. आता त्याच पायानं ब्रेक दाबतो."

"त्याच्या ट्रकमध्ये बसलात का कधी?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही बुवा."

"मग ब्रेक लागतो की नाही तुम्हाला काय माहीत?"

आजूबाजूच्या खाटा हसल्या. पण काका गेले की हे म्हणायचे, "काका काही खोटं बोलत नाहीत. मी इथे मेंढरासारखा बांधून पडलोय आणि तिकडे तराफ्याचा दोर कोण करणार? बाबांच्या एकट्याच्यानं होईल?"

सासरे खाटेच्या पायथ्याशी उकिडवे बसून त्या कप्पीकडे, दोराकडे, विटांकडे बघत राहायचे. त्यांचं सगळं आयुष्य दोर ताणण्यात गेलं होतं. नवा दोर वळून झाला की तो दोन झाडांना बांधून, मध्ये दगड लटकवून ताणायचा असतो. म्हणजे पीळ बसतो. घाई असली की सासरे दगड वाढवायचे. चार दिवसांचं काम दोन दिवसांत व्हायचं. मुलाकडे बघता बघता त्यांच्या डोक्यात हेच आलं असणार. दुसऱ्या कुणाच्या डोक्यात हे आलंच नसतं.

यांचं दुखणं वाढायला लागलं. हे म्हणायचे, "पाय कमरेतून उपटून निघतोय." नर्सबाई गोळी द्यायच्या आणि म्हणायच्या, "पुरुष माणसं फार कण्हतात."

मग एके दिवशी सकाळी त्या खाटेखाली झाडून घेत होत्या. वाकल्या, तशाच थांबल्या.

"ही पिवळी वीट कुणाची?"

त्यांनी झाडूनं ती दाखवली.

"आमच्या विटा लाल. ही पिवळी. आणि ही बघा, फडक्यात बांधलेली अजून एक. हिला पाय फुटले आणि ती चालत आली का इथे?"

सासरे उभे राहिले. उंच माणूस, पण त्या दिवशी खाटेच्या गजाएवढे दिसले. "मी आणली," ते म्हणाले. "आमच्या चुलीमागची आहे. म्हटलं, जरा जास्त ओढ बसली तर लवकर..."

हे आपल्या बापाकडे बघत राहिले. मी आजवर कुणाच्या तोंडावर इतका राग आणि इतकी दया एकत्र बघितलेली नाही.

नवा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो खिडकीशी धरला आणि बराच वेळ खाली घेतला नाही. हाडाच्या दोन टोकांत अंतर पडलं होतं. आधी जी टोकं एकमेकांना भिडत होती, ती आता भांडण झालेल्या भावांसारखी लांब उभी होती. डॉक्टर सासऱ्यांना बोलले. हळू आवाजात बोलले, म्हणून जास्त लागलं. सासरे बाहेर जाऊन दवाखान्याच्या पायरीवर बसले, दोन्ही विटा मांडीवर घेऊन. त्या तिथे टाकून द्याव्यात हेही त्यांना सुचलं नाही.

डॉक्टर आमच्याकडे वळले. "आता परत तोच प्रश्न. वजन कमी करून पुन्हा वाट बघायची, का शहरात पाठवू? आज संध्याकाळी आमची गाडी शहराला जातेय."

"पाठवा!" काका म्हणाले. ते नेमके त्या दिवशीही आले होते. "बघितलंत ना विटांचं? आता तरी शहाणे व्हा."

पहिल्या वेळी सासूबाईच ओरडल्या होत्या. आता त्यांचाच नवरा चुकला होता, तर कुठल्या तोंडानं बोलणार? हे म्हणाले, "पाठवा. पाय माझा आहे."

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नवी सून. मला विचारायचं म्हणून विचारत होते, पाव्हण्याला अजून चहा विचारतात तसं.

पण मला एक गोष्ट कळेना आणि न कळलेलं गिळून टाकायची मला सवय नव्हती. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, वजनावर ठेवलं आणि नाहीच जुळलं तर?"

"तर मग ऑपरेशन करू. तो रस्ता बंद होत नाही. उशीर होईल एवढंच."

"आणि ऑपरेशन केलं आणि पू धरला तर? तिथून वजनावर परत येता येतं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "नाही," ते म्हणाले. "तिथून परत येता येत नाही."

"बहुतेकांना पू धरत नाही," काका म्हणाले.

"खरं आहे," डॉक्टर म्हणाले. "बहुतेकांना नाही धरत. आणि वजनावर हाड जुळेलच असंही मी लिहून देणार नाही. दोन्हीकडे धोका आहे."

मी यांच्या खाटेजवळ गेले. चारचौघांत नवऱ्याशी बोलायची पद्धत नव्हती. मी बोलले. "तुम्हीच मला सांगितलंत, पीळ चुकला तर उलगडता येतो, दोर कापला तर गाठ कायमची. मग पायाच्या बाबतीत कापायची घाई का?"

"आणि तराफ्याचा दोर?" हे तडकले. "नदी थांबणार आहे का माझ्यासाठी? सूत कोण काढणार?"

"मी."

हे हसले. आजारी माणसाचं कडवट हसू. "तू? उलटं चालणार?"

"पडेन तेव्हा उठेन. तुमच्यासारखं खाटेवर तर पडून राहणार नाही."

नर्सबाईंनी तोंडाला पदर लावला. पाय यांचा होता. नाही म्हणाले असते तर संध्याकाळच्या गाडीत मीच त्यांचं अंथरूण घातलं असतं. शेवटी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "घाला ते वजन. पण कमी करून."

घरी येताना तराफेवाल्यानं सासऱ्यांना विचारलं, "विटा कुठून आणल्या हो?" अर्ध्या नदीत आल्यावर त्यांनी एक एक करून दोन्ही पाण्यात सोडल्या.

दुसऱ्या दिवशी मी पदर खोचून वाटेवर उतरले.

कमरेला ओला ताग गुंडाळला की पहिल्यांदा गार वाटतं, मग खाज सुटते, मग आग. बोटांतून धागा पळतो तो सुरीसारखा. मागे पाय टाकायचा म्हटलं की मान आपोआप वळते. मान वळली की हात चुकतो आणि सुताला गाठ येते. मी चार पावलं गेले आणि सपशेल बसले.

"मागे बघायचं नाही," सासरे म्हणाले. दवाखान्यातून आल्यापासूनचं त्यांचं हे पहिलं वाक्य. "टाचेनं बघायचं. टाचेला डोळे असतात."

मी उठले. पुन्हा बसले. कुंपणापलीकडे काकांच्या घरातल्या बायका जमल्या. एक म्हणाली, "अगं बाई, उलट्या पायांची सून केलीत वाटतं!" काका म्हणाले, "सून उलटी चालायला लागली म्हणजे घराचं काय खरं नाही."

सासूबाईंनी चाक थांबवलं नाही. तिथूनच ओरडल्या, "घर सरळ आहे हो भाऊजी! तुमचीच मान वाकडी झालीय कुंपणावरून बघून बघून."

संध्याकाळी सासऱ्यांनी माझं दिवसभराचं सूत हातात घेतलं, अंगठ्यावरून ओढलं आणि सगळं उलगडून परत ताग करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी रडले. सासरे म्हणाले, "रड. पण डोळे पुसायला हात सोडू नकोस, सूत तुटेल." त्यांचे गुडघे दुखायचे, तरी ते माझ्या शेजारून आपलं सूत काढत चालायचे. चुकलो असं ते तोंडानं कधी म्हणाले नाहीत. पण माझ्या वाटेवरचा प्रत्येक खडा ते पहाटे उठून वेचायचे.

दवाखान्यात जायची वेळ माझी आली की मी सुताचा तुकडा घेऊन जायचे. हे तो डोळ्यांपुढे धरायचे. पहिल्या खेपेला म्हणाले, "हे काय आहे? शेवया?" पण तुकडा त्यांनी उशीखाली ठेवला. पुढच्या वेळी माझा हात ओढून घेतला, बोटं उलटीपालटी करून बघितली. "डावी तर्जनी फाटलीय. म्हणजे ताग डाव्या हातानं सोडतेस. डावा नुसता धरायला. सोडायचं उजव्यानं. आणि ओलं फडकं कुठाय? फडक्याशिवाय सूत काढतं का कुणी?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"बाबा विसरले असतील. त्यांना फडकं लागत नाही, त्यांचे हातच चामड्याचे आहेत." मग हळूच म्हणाले, "कसे आहेत बाबा?"

"खडे वेचतात."

यांनी मान फिरवली. पण त्या दिवसापासून छताकडे बघणं थांबलं. माझी वाट बघायला लागले. शेजारच्या खाटेवर एक शिंपी होता, त्यालाही माझं सूत ताणून बघायची सवय लागली. "वहिनी, आज बारीक आलंय हां," तो म्हणायचा, आणि हे म्हणायचे, "तू गप रे, तुला काय कळतंय, तुझा धागा रिळाचा."

मग ते एकदा आलं. म्हणजे कसं आलं ते मला सांगता येणार नाही. मी चालत होते, सासूबाईंचं चाक कुरकुरत होतं, आणि एकाएकी मला लक्षात आलं की मी पायांचा विचार करत नाहीये. बोटांतून सूत एकसारखं जात होतं. सासूबाई लहान लहान होत चालल्या होत्या, घर लहान होत चाललं होतं. टाचेला वाटेच्या टोकाची, शेवटची खूण लागली तेव्हा मी थांबले. सासऱ्यांनी अंगठ्यावरून सूत ओढलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग ते त्यांनी खुंटीला बांधलं, आपल्या सुताच्या शेजारी.

सासूबाई चाकावरून उठून आल्या. "काय हो, उलगडणार नाही का आज?"

"उलगडायचं काय आहे त्यात?" सासरे म्हणाले.

त्या आठवड्यात डॉक्टरांनी नवा एक्स-रे काढला. काच खिडकीशी धरली. दोन टोकांच्या मध्ये धुकं धरावं तसं काहीतरी पांढुरकं दिसत होतं.

"हे काय?" मी घाबरून विचारलं. "पू?"

"नवं हाड," डॉक्टर म्हणाले. आणि तो सदा दमलेला माणूस असा हसला की मला तो पहिल्यांदा तरुण दिसला. "दोन्ही टोकांनी हात पुढे केलाय. आता घाई नको. कुणी वीट आणू नका."

सासरेही त्या दिवशी आले होते. त्यांनी ती काच मागून घेतली आणि उजेडात धरून उभे राहिले. नर्सबाई द्या द्या म्हणत होत्या, ते देईनात.

नदी गढूळ व्हायला लागली होती. सुतं पुरेशी झाली, त्यांच्या लडी वळून झाल्या. आता तीन लडी एकत्र पिळायच्या होत्या. त्याला ताकद लागते. सासरे, मी आणि सासूबाई, आम्हा तिघांच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं. सकाळी आम्ही वाटेवर आलो तर काका आधीच येऊन बाह्या वर करून उभे.

"बघत काय बसलात?" ते म्हणाले. "नदीला पूर आल्यावर चढवणार का दोर? चला, आटपा."

"भाऊजी, आज सावकाश हं," सासूबाई म्हणाल्या.

"सावकाशच! मी कधी घाई केलीय?"

आम्ही सगळे हसलो, काकाही हसले, आणि मग दिवसभर पिळत राहिलो. घाम डोळ्यांत जायचा. हात सोडायची सोय नव्हती, म्हणून सासूबाई एकेकाचं कपाळ पुसत फिरल्या. काकांचंही पुसलं. दोर दोन झाडांना ताणला, मध्ये दगड टांगले. सासऱ्यांनी लागतील तेवढेच टांगले. मी बघितलं, एक दगड त्यांनी हातात घेतला होता, तो परत खाली ठेवला.

तराफेवाला आला. दोराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवत गेला. एका ठिकाणी थांबला. "इथे जरा वेगळा हात लागतोय."

"माझा आहे," मी म्हटलं.

त्यानं त्या जागी दोर धरला, दोन्ही पाय वर उचलले आणि लोंबकळला. दाढीवाला, गलेलठ्ठ माणूस, पोरासारखा झोके घेत होता. उतरला आणि म्हणाला, "चढवा."

पुराच्या आदल्या दिवशी दोर नदीवर चढला. पूर आला, गेला. दोर होता तिथेच होता.

पावसाळा संपता संपता हे घरी आले, काखेत कुबडी घेऊन. डॉक्टरांनी निघण्याआधी यांना उताणं निजवून दोन्ही पायांची मापं घेतली होती आणि म्हणाले होते, "केसाएवढाही फरक नाही." तराफ्यावर चढल्याबरोबर यांनी कुबडी काखेतून काढून माझ्याकडे दिली आणि दोर दोन्ही हातांनी धरला. ओढायला लागले. मध्यावर आल्यावर म्हणाले, "इथून तुझं सूत लागलं."

"कशावरून?"

"हाताला कळतं." यांनी तेवढ्या जागेवरून हात लवकर पुढे सरकवला नाही. तराफेवाला ओरडला, "अहो ओढा, का तिथेच राहायचंय?"

थंडी सुरू झाली तेव्हा कुबडी कोपऱ्यात गेली. एके सकाळी हे तागाची जुडी घेऊन वाटेवर आले. ताग कमरेला गुंडाळायला लागले. खाटेवर पडून इतके वाळले होते की ताग एक वेढा जास्त बसला. मी माझा गुंडाळलाच होता. चाकाला दोन आकडे होते. सासऱ्यांनी आपली जागा सोडली आणि बाजूला उभे राहिले. सासूबाईंनी चाक धरलं.

आम्ही निघालो. यांनी पहिलं पाऊल टाकलं ते पाण्यात टाकावं तसं. टाच, मग तळवा, मग भार. दुसरं. तिसरं. कपाळावर घाम फुटला होता.

"टाचेनं बघा," मी म्हटलं.

"मला शिकवतेस?"

"मग दुसरं कोण आहे इथे?"

अर्ध्या वाटेवर माझे पाय आपोआप मंद झाले. यांनी माझ्या हातांकडे बघितलं. "माझ्यासाठी रेंगाळू नकोस. सूत जाड पडतंय तुझं."

मग मी माझ्या चालीनं चालले. आणि हे माझ्याबरोबर आले. उजवा, डावा, उजवा, डावा, दोन्ही पाय सारखे, मोडलेला कुठला ते कुणाला सांगता आलं नसतं. समोर सासूबाई लहान होत गेल्या. काका आपल्या वाटेवर काम सोडून उभे होते. कुंपणापाशी बायका होत्या, पण या वेळी कुणी बोलत नव्हतं.

टाचेला शेवटची खूण लागली. मी थांबणार, तेवढ्यात हे पुढे, म्हणजे मागे, निघून गेले.

"अहो, खूण गेली!"

"जाऊ दे."

"पलीकडे काकांचे भोपळे आहेत!"

"असू देत. ताग आहे अजून कमरेला."

मीही निघाले. पायाखाली मऊ माती आली, मग पानं, मग काहीतरी फटकन फुटलं. काका धावत सुटले, "अरे, माझे वेल! अरे, दिसत नाही का!" आणि आम्ही दोघं हसत, सूत सोडत, मागे मागे चाललो होतो. समोर, पार लांब चाकापाशी, सासरे हात वर करून ओरडत होते. आमच्यावर नव्हे, सासूबाईंवर.

"थांबवू नकोस! फिरव, फिरव! चाललेत ते अजून!"